मायामावरचा खटला: ‘हनी अँड क्लोव्हर’मधलं एक प्रकरण

दारू चढलेल्या यामादाला पाठुंगळी घेऊन मायामा रस्त्याने चालला आहे. तिची एकच गोष्ट चालू आहे: तू मला आवडतोस, खूप आवडतोस. तो दर वेळी नुसतं ‘हं’ म्हणतो. ‘मलाही’ म्हणत नाही, ‘गप्प बस’ म्हणत नाही आणि तिला खालीही उतरवत नाही. प्रसंग एवढाच, पण उमिनो चिका यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचलेल्यांपैकी निम्मे लोक इथे मायामाचे कायमचे वैरी होतात. उरलेल्यांना तो इथेच पहिल्यांदा माणूस वाटायला लागतो.

मायामाला नावं ठेवणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ती नावं भलत्याच गोष्टीसाठी ठेवली जातात आणि ज्यासाठी ठेवायला हवीत ती गोष्ट हसण्यावारी जाते, असं माझं मत आहे. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश उलगडून बघू. ज्यांनी मांगा वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवटापर्यंत सगळंच सांगितलं आहे.

कोण कुणाच्या मागे

‘हनी अँड क्लोव्हर’ २००० ते २००६ या काळात क्रमशः छापली गेली. मासिकं बंद पडत गेली तशी ती एका मासिकातून दुसऱ्यात गेली, आणि पुस्तकरूपात तिचे १० खंड झाले. २००३ साली तिला शोजो, म्हणजे मुलींसाठीच्या मांगांच्या, विभागातला कोदानशा मांगा पुरस्कार मिळाला. २००५ साली फुजी टीव्हीने ‘नोइतामिना’ हा रात्री उशिराचा अ‍ॅनिमे-विभाग, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांची राखीव वेळ, सुरू केला तो याच मांगावरच्या मालिकेने. नावामागची गंमत अशी की ते दोन जपानी अल्बमांच्या नावांवरून जुळवलेलं आहे, एकातला मध आणि दुसऱ्यातला क्लोव्हर.

गोष्ट टोकियोतल्या एका कला महाविद्यालयातल्या मुलांची. सहा तातामींची खोली (तातामी म्हणजे गवती चटई, जपानात खोली तिच्या मापाने मोजतात), तीन तातामींचं स्वयंपाकघर, न्हाणीघर नाही, भाडं ३८,००० येन, कॉलेज चालत दहा मिनिटांवर. पहिल्याच पानावर हा हिशोब येतो आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही तो लगेच कळतो. ताकेमोतो आणि मायामा वास्तुरचना शिकतात. मोरिता काय शिकतो हे त्यालाही माहीत नसावं. तो वर्षानुवर्षं पासच होत नाही. हागुमी चित्रं काढते, शिल्पं करते आणि त्या बाबतीत ती बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहे. यामादा आयुमी कुंभारकाम शिकते. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत दारूचं दुकान आहे. ती देखणी आहे, हाताने दणकट आहे आणि चिडली की लाथेने भल्याभल्यांना आडवं करते.

यामादाचं मायामावर प्रेम आहे. मायामाचं प्रेम हारादा रिकावर. रिका त्याच्याहून वयाने बरीच मोठी, वास्तुरचनेचं स्वतःचं कार्यालय चालवणारी, विधवा. ज्या अपघातात तिचा नवरा गेला त्यातून ती वाचली, पण अंगावर व्रण राहिले, पाय अधू झाला आणि चालायला काठी लागली. नवऱ्याची अपुरी राहिलेली कामं पुरी करणं एवढ्यावरच ती जगते आहे. मायामा विद्यार्थी असताना तिच्याकडे अर्धवेळ काम करायचा. त्याच्या मनात काय आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने त्याला दूर केलं.

हे तिघं एका ओळीत उभे आहेत आणि प्रत्येकाची नजर पुढच्याच्या पाठीवर. सगळ्यात पुढची रिका तर मेलेल्या माणसाकडे बघते आहे.

नकार हा गुन्हा नाही, पण...

पहिला आरोप सगळ्यात मोठ्याने केला जातो: यामादासारखी मुलगी समोर असताना हा मूर्ख त्या बाईच्या मागे का लागतो? वाचकाचा जीव यामादात गुंतलेला असतो. उमिनो तिला रडवतात तेव्हा पानभर रडवतात. डोळे, नाक, ओठ सगळं वितळल्यासारखं काढतात. त्यामुळे तिला नाही म्हणणारा आपल्याला आपोआप खलनायक वाटतो. पण या आरोपात दम नाही. कुणी आपल्यावर किती वर्षं प्रेम केलं, किती रडलं, यावरून आपल्यावर काही देणं चढत नाही. मायामाने तिला कधी झुलवलेलंही नाही. रिकाबद्दल यामादाला माहीत आहे आणि मायामाने ते लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

उमिनोंनी याचं एक उत्तर कथेतच ठेवलं आहे आणि ते बहुतेकांच्या नजरेतून निसटतं, कारण ते विनोदी प्रसंगात आहे. बाजारपेठेतल्या दुकानदारांची पोरं, यामादाचे लहानपणापासूनचे सवंगडी, सगळीच्या सगळी तिला मागणी घालतात. ती सगळ्यांना नाही म्हणते. आपण हसतो. त्या पोरांपैकी एखादा रात्री उशीत तोंड खुपसून रडला असेल का, हे आपल्या मनातही येत नाही. त्यांना पान मिळालेलं नाही, म्हणून त्यांचं दुःखही नाही. मायामा जिथे उभा आहे तिथेच यामादाही काही पानांपुरती उभी राहिली, पण तिच्यावर खटला भरायचं कुणाला सुचलं नाही.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे: नाहीच म्हणायचं होतं तर मग पाठुंगळी कशाला घेतो? घरी कशाला सोडतो? तिच्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष का घालतो? आमच्या ओळखीतल्या एका वाचणारीचं मत असं की मायामाने पहिल्याच दिवशी ओळख तोडायला हवी होती. नकार देऊनही प्रेमळ वागणारा माणूस जखमेवरची खपली रोज उचकटत असतो. पटण्यासारखं आहे. मात्र ओळख तोडायची म्हणजे कुणाची? हे एका टोळक्यातले आहेत, एकाच कॉलेजात आहेत, एकाच चुलीवरचं खातात. मायामा दूर गेला असता तर यामादाचं नुसतं प्रेम गेलं नसतं, मित्रही गेले असते. आणि तिला दूर व्हायचं आहे का हे तिलाच ठरवू द्यायला हवं. ती राहते. दर वेळी राहते.

म्हणून तो ‘हं’ मला क्रूर वाटत नाही. दारूच्या नशेत ती बोलते आहे. उद्या सकाळी तिला यातलं किती आठवेल, आठवलं तर तिला तोंड कुठे लपवावंसं वाटेल, हे तो जाणतो. त्या वेळी खुलासे करत बसणं, ‘हे बघ यामादा, आपलं असं आहे की...’ म्हणून बौद्धिक देणं, हे त्याला स्वतःला मोकळं वाटावं म्हणून झालं असतं. तो ऐकून घेतो, बस्स. नकार तर आधीच ठाऊक आहे. पुन्हा तोंडावर मारायची गरज नव्हती.

पाळत

आता ज्याच्यावर हसण्याऐवजी थांबायला हवं तिथे येतो.

मायामा रिकावर पाळत ठेवतो. तिच्या नकळत तिच्या आसपास घुटमळतो, तिचं काय चाललंय याची खबर ठेवतो. मित्रांना हे माहीत आहे आणि ते त्याला स्टॉकर म्हणून चिडवतात. हे सगळं विनोदाच्या चौकटीत येतं: डोळ्यांचे ठिपके झालेले, कपाळावर घामाचा थेंब, मोरिताचं ओरडणं. आपण हसतो आणि पान उलटतो.

आता तारीख बघा. जपानमध्ये पाठलागविरोधी कायदा मे २००० मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लागू झाला. त्याला कारण ठरली ऑक्टोबर १९९९ मधली साइतामा प्रांतातल्या ओकेगावाची घटना: एका विद्यार्थिनीने पाठलागाची तक्रार पोलिसांकडे केली होती, पोलिसांनी ती गांभीर्याने घेतली नाही आणि शेवटी भर दिवसा स्टेशनाजवळ तिचा खून झाला. सारा देश हादरला होता. मायामाचं रिकाच्या आसपास घुटमळणं विनोद म्हणून छापायला सुरुवात झाली तीही २००० सालीच. उमिनोंनी काही वाईट हेतूने हे केलं असं मी म्हणत नाही. जुन्या प्रेमकथांत असा मागेमागे फिरणारा नायक हे नेहमीचंच भांडवल होतं आणि आपल्या हिंदी-मराठी सिनेमांनीही त्यावर दशकानुदशकं धंदा केला. पण आपण वाचक म्हणून इतके सहज हसतो, हे मात्र तपासायला हवं.

मराठी वाचकाला तर फारच. आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘एकतर्फी प्रेमातून’ असं वाचलं की पुढे कोयता, ॲसिड किंवा पेट्रोल येणार हे आपल्याला ठाऊक असतं. २०१३ साली भारतीय दंड संहितेत पाठलागाचं कलम ३५४-ड आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे जातो, संपर्क साधतो, हा त्याचा गाभा. मायामाचं प्रकरण या कसोटीवर लावलं तर रिकाने त्याला कामावरून दूर करणं हे पुरेसं स्पष्ट ‘नको’ आहे. त्यानंतरचं त्याचं वागणं कोणत्याही वकिलाला सोडवायला सोपं जाणार नाही.

मायामाच्या बाजूचे लोक इथे हमखास एक उत्तर देतात: पण त्याच्यामुळेच रिका जगली. कथेत हे खरं आहे. नवऱ्याची कामं संपली की तिच्यापाशी उरण्यासारखं काही नाही, हे मायामाला दिसतं. तो तिला एकटं सोडत नाही, दुसरीकडे नोकरी करून पुन्हा तिच्याच कार्यालयात परततो आणि हळूहळू ती त्याला जवळ येऊ देते. म्हणजे त्याची चिकाटी फळाला आली. मला खटकतं ते नेमकं हेच. फासे आधीच हवे तसे पाडलेले आहेत. लेखिकेने मायामाच्या वाट्याला अशी बाई दिली की जिला खरोखरच कुणीतरी वाचवायची गरज होती. मग त्याची पाळत मागाहून काळजी ठरली. हेच वागणं एखाद्या ठणठणीत, आपल्या कामात रमलेल्या आणि याला वैतागलेल्या बाईच्या वाट्याला आलं असतं, तर? मायामाने एका पावलाचाही फरक केला नसता, आणि आपण त्याला काय म्हटलं असतं?

याला मांडणीचाही हातभार आहे. या मांगात मनातलं बोलणं फार सुंदर येतं, चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत, फुग्यांच्या बाहेर. ताकेमोतोचं येतं, यामादाचं येतं, मायामाचंही भरभरून येतं. रिकाचं मन मात्र फार उशिरा उघडतं. सुरुवातीच्या खंडांत ती बहुतेक मायामाच्या डोळ्यांतूनच दिसते: मान, हात, काठी, खिडकीतला उजेड. पाळत ठेवणाऱ्याचं सगळं आपण ऐकतो आणि जिच्यावर पाळत आहे ती गप्प. अशा खटल्यात निकाल कुणाच्या बाजूने लागणार हे सांगायला नको.

यामादा आणि मायामा यांना शेजारी ठेवलं की गोष्ट स्वच्छ दिसते. दोघंही नाकारले गेले आणि दोघांनीही सोडलं नाही. त्याला आपण निष्ठा म्हणतो आणि तिला ‘किती वर्षं फुकट घालवली पोरीने’. फरक एवढाच की त्याला शेवटी होकार मिळाला. निकाल लागल्यावर त्यावरून वागण्याला मार्क द्यायचे, असं आपलं चाललेलं असतं. वागणंच बघायचं म्हटलं तर यामादा कितीतरी वरचढ आहे. तो जितकं येऊ देतो तितकंच ती त्याच्या आयुष्यात येते. रडते ती मैत्रिणीपाशी नाहीतर मातीच्या गोळ्यापाशी. दारू प्यायल्यावर बोलते ते त्याच्यासमोर, त्याच्या नकळत काही नाही.

नोमिया आल्यावर

मायामाचा खरा दोष कुठे दिसतो? मला विचाराल तर तो नोमिया आल्यानंतर दिसतो.

फुजिवारा डिझाइन या कंपनीत मायामा नोकरीला लागतो, तिथे नोमिया त्याचा वरिष्ठ. चांगला दिसणारा, बायकांशी बोलण्यात तरबेज, थोडा निर्ढावलेला. कंपनीच्या कामासाठी यामादाकडून भांडी बनवून घ्यायची ठरतात, त्या निमित्ताने दोघांची गाठ पडते आणि नोमिया तिच्यात गुंततो. झालं, मायामाचा तोल सुटतो. हा माणूस बरा नाही, याचा इतिहास माहीत आहे मला, असं करत तो मध्ये पडतो. थोरल्या भावासारखं. आणि ज्या मुलीने तुझ्यासाठी एवढं सोसलं तिच्याशी भावासारखं वागायचा हक्क तुला दिला कुणी?

मला स्वतः नको, पण दुसऱ्याच्या हाती जायलाही नको: हा माणसाचा फार जुना आणि फार साधा हलकटपणा आहे. मायामा तो जाणूनबुजून करतो असं वाटत नाही. आपण तिची काळजीच करतोय असं त्याला मनापासून वाटतं. म्हणूनच तो दोष जास्त खरा आहे. यामादाचं प्रेम त्याला नको होतं, तरी ते आहे याची सवय झाली होती. ती सवय मोडायची वेळ आली तेव्हा त्याला झोंबलं. नकार देणं, तिला पाठीवर घेणं, ‘हं’ म्हणणं यातलं काहीच माझ्या लेखी गुन्हा नाही. इथे मात्र तो तिच्या वाटेत उभा राहिला, आणि तेही अशा जागी की जिथे तिला पहिल्यांदाच कुणीतरी पुढून बघत होतं.

गंमत म्हणजे हे नोमियाच्या लगेच लक्षात येतं. तोही काही साधू नाही. तरुण मायामाचा तो वेडेपणा बघून त्याला आपण स्वतःच कधीकाळी असे होतो हे आठवतं आणि ते त्याला आवडत नाही. या मांगात एकमेकांचे दोष ओळखणारी माणसं बहुधा त्याच दोषाची असतात.

हागुमीच्या निर्णयावरून आजही जे वाद होतात तेही याच पद्धतीने चालतात. ताकेमोतो आणि मोरिता या दोघांचंही तिच्यावर प्रेम आहे. तिच्या उजव्या हाताला मोठी दुखापत होते आणि शेवटी ती ना ताकेमोतोला निवडते ना मोरिताला. ती शुजी हानामोतोला, म्हणजे वडिलांच्या चुलत भावाला, आपल्यासोबत राहायला सांगते, आपल्या हातासाठी, कामासाठी. बऱ्याच वाचकांना हे गिळवत नाही, आणि नातं आणि वयातलं अंतर पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण त्यातला मोठा भाग रागावतो तो ‘ताकेमोतोला मिळायला हवी होती’ म्हणून. ताकेमोतो सायकलवर होक्काइदोच्या उत्तर टोकाला, केप सोयापर्यंत जाऊन आला, परत येऊन तिला मन सांगितलं, चांगला मुलगा आहे, मग? जणू किलोमीटर मोजून प्रेम मिळतं. ताकेमोतोला स्वतःला मात्र ते तसं मिळत नाही हे समजतं आणि तो देवळांच्या दुरुस्तीच्या कामावर निघून जातो.

यामादाच्या बाबतीत उमिनोंनी एक गोष्ट चांगली केली. नोमियाची बदली तोत्तोरीला होते आणि त्या दोघांमध्ये काही उमलू लागतं, पण ते बक्षीस म्हणून तिच्या पदरात टाकलेलं नाही. ती त्याच्याकडे वळते ती अडखळत, मायामा अजून मनातून पुरता गेलेला नसताना. लग्न, मुलं, वर्षांनंतरचं चित्र असलं काही शेवटी नाही. मायामा रिकासोबत कामाला आहे, यामादा माती मळते आहे, आणि नोमियाचं काय करायचं हे तिचं अजून ठरायचं आहे. तक्रार करणारे म्हणतात की एवढं रडवल्यावर तिला निदान पक्कं काही द्यायला हवं होतं. मला हे असं अर्धवट ठेवणंच बरं वाटतं, कारण नाहीतर नोमियाही तिच्या दुःखाची भरपाई ठरला असता आणि आपण मायामाला त्या बदल्यात माफ करून टाकलं असतं.